दुसरी किल्ली

प्रिय बेबेल,

तुझ्या भाड्याच्या घराचे फोटो पाहिले. त्याला घर म्हणायचं तर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला बंगला म्हणावं लागेल. खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत, आणि भिंतीवर शेजाऱ्याच्या चड्ड्या वाळताहेत. आयुष्यातलं पहिलं घर घेताना तू पाहिलंस काय, तर फरशीचा गुलाबी रंग! इलोइलोसारख्या शहरात बँकेत बसून लोकांना शहाणपण शिकवतेस, पण नळ सोडून बघायचं तुला सुचलं नाही. सकाळी सगळ्या मजल्यांवरच्या मुली आंघोळीला लागल्या की तुझ्या बादलीत पाणी पडतं का, हे भर दुपारी घर बघायला गेलेल्या बाईला कसं कळणार?

आणि ती तुझी घरमालकीण, तिया पुरिंग. जिन्यात बाळयेशूची एवढी मोठी मूर्ती, पुढे अखंड दिवा, आणि भाडेकरणीनं सुकी मासळी तळली की बाईसाहेबांच्या नाकाला रुमाल. "वास माझ्या पडद्यांना लागतो गं मुली," म्हणाली ना? फोटोत दिसले ते पडदे. मासळीचा वास लागला तर सुधारतीलच ते. तू मात्र खाली मान घालून हो हो म्हणालीस, असं तूच लिहिलंयस. वर कौतुकानं!

सामानाआधी मीठ आणि तांदूळ आत गेले पाहिजेत, एवढं तुला आठवलं, शाबास. पण ते हातात देऊन पुढे केलंस कोणाला? माझ्या नवऱ्याला. बाबा गेले, म्हणजे आता घरातला मोठा पुरुष तोच, हे तुझं गणित. थोरल्या भावाला म्हणावं तसं "मनोंग रोडेल, तुमच्याच हातून होऊ दे," म्हणालीस, आणि मान म्हणून घराची दुसरी किल्लीही त्याच्या हातावर ठेवलीस. आपल्याकडे हे असंच. वयानं मोठा दिसला की त्याचा हात आपल्या कपाळाला लावायचा. तो हात एरवी काय करतो, हे कोणी विचारत नाही. माझा पाय मुरगळलाय म्हणून मी आले नाही, असं त्यानं तुला सांगितलं. माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत.

तिकडून आला तो छाती फुगवून. हा कोण, तर होडीचा दोर धड बांधता येईना म्हणून धक्क्यावरून हाकललेला माणूस. कोंबड्यांच्या झुंजीत हरला की उरलेला मर्दपणा घरी आणतो. जेवताना त्यानं किल्ली ताटाशेजारी ठेवली आणि हसत म्हणाला, "बघ नेनिता, आता तुझ्या माहेराची किल्लीपण माझ्याच खिशात." एलानं घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. पोरगी लहान आहे, पण तिला सगळं कळलं. मला त्या क्षणी त्याची किळस आली.

म्हणून आता गुलाबी फरशी राहू दे आणि मी विचारते ते बघ. दाराला आतून कडी आहे का? नुसती लोंबणारी नको, खांदा मारला तरी न निघणारी हवी. खालचा रखवालदार फार प्रेमळ आहे, नातेवाईक म्हटलं की न विचारता वर सोडतो, असं तू लिहिलं होतंस. असला प्रेमळपणा चुलीत घाल. शेजारच्या खोलीतली मुलगी भिंतीपलीकडून ओरडलेलं ऐकून धावेल, की पंख्याचा आवाज वाढवेल? मी लग्नानंतर इथं आले तेव्हा दारातल्या आंब्याचा मोहोर बघून हरखले होते. दाराची आतली कडी पुढे रोडेलनं स्वतःच उचकटून फेकली.

हे फोनवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी त्यानं वाचलं असतं, म्हणून आंबे विकायला शहरात येणाऱ्या एस्तेरच्या टोपलीतून हा कागद पाठवतेय. रविवारी तो झुंजीला गेला की मी आणि एला पहिल्या होडीनं निघतोय. परत यायला नाही. किल्ली त्याच्याकडे मागू नकोस, गोड बोलूनसुद्धा नको. कुलूपच बदल, आणि आधी तिया पुरिंगला सगळं खरं सांग. सुकी मासळी पुन्हा तळणार नाही म्हणावं, पण या माणसाला जिना चढू देऊ नका. त्यानं आणलेलं मीठ आणि तांदूळ उकिरड्यावर टाक. त्या खुराड्याला इतकी नावं ठेवली ना मी? बेबेल, रात्री एला झोपली की तेच फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. आपल्यासाठी नवं मीठ आणि नवे तांदूळ मी पदरात बांधून आणतेय. आम्ही येईपर्यंत दार कोणालाही उघडू नकोस.

तुझीच ताई, रविवारची वाट बघणारी,
मनांग नेनिता