बादलीतला ओळंबा

वस्ताद, तुम्ही समुद्र कधी पाहिला होता की नाही, मला माहीत नाही. भोसरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली, पण हा विषय कधी निघाला नाही. तुम्ही मोशीचे, शेतीतून थेट लेथवर आलेले. समुद्राशी तुमचा संबंध बाजारातल्या सुक्या बोंबलापुरताच असावा. आज विचारतोय, कारण माझ्या पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये, लोक जिथे टीव्ही लावतात तिथे, चार फुटांचा समुद्र आहे. काचेची टाकी, आत दगड, दगडांवर प्रवाळ, आणि त्यांच्या आडोशाला राहणारे नाना प्रकारचे जीव. ते खारं पाणी मी घरीच बनवतो. फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात खास मीठ मोजून विरघळवायचं. रोज थोडं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून तेवढंच गोडं पाणी रोज वरून सोडावं लागतं. त्यासाठी खालच्या कपाटात एक झाकणाची बादली आहे आणि तिच्यातून बारीक नळीने पाणी वर चढवणारा छोटा पंप. हे सगळं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तंबाखू मळता मळता म्हणाला असता, "येवढा खटाटोप? आन् खायाचं काय त्यातलं?"

खायचं काहीच नाही, वस्ताद. नुसतं बघायचं. दिवसभर चाकणच्या कंपनीत मी माल पास-नापास करत असतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना. सप्लायरने पाठवलेल्या प्रत्येक पेटीत काहीतरी लपवलेलं आहे, असं धरूनच ती उघडायची. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलो की ही एक जागा अशी असावी जिथे काही तपासायचं नाही, म्हणून मी टाकी मांडली. पण सवय काही जात नाही. महिन्याभरात टाकीशेजारी वही आली, वहीत रोजची रीडिंग आली, आणि भिंतीवर घरच्यांसाठी नियमांचा कागद. अगरबत्ती या खोलीत नाही. डासांचा स्प्रे नाही. पाण्यात हात नाही. बायको म्हणाली, "एक गेटपास पण छापून घ्या." कामाला येणाऱ्या मावशी तो कागद वाचत नव्हत्या, पण पाळत होत्या. लातूरकडच्या, नऊ वर्षं आमच्याकडे, जुन्या सांगवीत राहायच्या. काच बाहेरून पुसता पुसता त्या आतल्या एका कोळंबीशी बोलायच्या. लाल पाठीवर पांढरी रेघ आणि लांबलचक पांढऱ्या मिशा. ही कोळंबी माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करते, मासे तिच्यापुढे तोंड उघडून निमूट उभे राहतात. मावशींनी तिचं नाव मिशीवाली ठेवलं होतं. "आमच्यासारखीच हाय की ही," त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं अंग पुसून पोट भरती."

दसरा झाला आणि पुढच्या आठवड्यात गोगलगायी मरायला लागल्या. आधी एक, मग दोन, मग शंख पाठीवर घेऊन फिरणारा छोटा खेकडा. मासे मात्र ठणठणीत. पहिला संशय मी घेतला तो दगडातून चोरून आलेल्या एका पाहुण्यावर. ही पण कोळंबीच, पण हिचा एक पंजा भलताच मोठा, आणि तो मिटला की टाकीतून काचेवर खडा मारल्यासारखा टक् आवाज येतो. त्या आवाजाने ती भक्ष्याला बधिर करते म्हणे. इतका उघड गुन्हेगार कुणाला मिळतो? मी प्लास्टिकच्या बाटलीचा सापळा केला, तीन दिवस वाट पाहिली आणि तिला धरलं. ताजं खारं पाणी बनवून एका वेगळ्या डब्यात तिला कोठडीत टाकलं, हवेची नळी दिली, वर जाळी. वहीत लिहिलं, "आरोपी पकडला." दोन दिवसांनी आणखी एक गोगलगाय उलटी पडलेली होती, आणि मिशीवाली दगडाखालून बाहेर येत नव्हती.

मग मी मासे विकणाऱ्या दुकानदारावर संशय घेतला. निगडीत त्याच्या दुकानात जाऊन त्याच्या मिठाच्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. तो वैतागून म्हणाला, "भाऊ, मीठ खराब असतं तर आधी माझ्याच टाक्या गेल्या असत्या ना राव! मासे जगतायत आणि बिनकण्याचेच मरतायत ना? मग तांबं बघा. पाण्यात तांबं आलंय कुठूनतरी." त्याने टेस्टच्या बाटल्या दिल्या. घरी येऊन नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि पाण्याचा रंग बदलला. तांब्याचा अंशही या जिवांना विष असतो. माशांना तेवढ्याने काही होत नाही, पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी जातात. आता घरात तांबं कुठे? मी टाकीचे दिवे पाहिले, पंपाच्या वायरी पाहिल्या. आणि मग सकाळी काच पुसणाऱ्या मावशींच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. सांधे दुखतात म्हणून त्या हातात तांब्याचं कडं घालायच्या. नऊ वर्षं ते कडं मी पाहत होतो, पण त्या सकाळी मला दुसरं काही दिसेचना. टाकीच्या कडेवर ओल होती. मिशीवालीला त्या नक्कीच बोट लावत असणार.

मी म्हणालो, "मावशी, हात दाखवा." त्यांना आधी कळलंच नाही. हसून म्हणाल्या, "भविष्य सांगताव का काय, दादा?" मी त्यांचं मनगट धरलं नाही, तेवढं तरी केलं नाही, पण वाकून कड्याकडे पाहिलं, बाहीचं टोक ओलं आहे का ते पाहिलं. बाही ओली होती. फरशी पुसणाऱ्या बाईची बाही ओलीच असणार. मी विचारलं, "पाण्यात हात घालता ना तुम्ही? खरं सांगा." त्यांनी दोन्ही हात टाकीच्या उजेडात माझ्यासमोर पसरले. "बगा. वास घ्या पायजे तर. तुमच्या पाण्यात हात घालून मला काय मिळायचंय?" बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. मावशींनी फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं, हात धुतले आणि पदराला पुसत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडेही मावशीच कामाला. त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं, मावशी तुमच्याकडे येत नाहीत हल्ली? मी म्हणालो, "लक्ष ठेवा जरा. नको तिथे हात घालायची सवय आहे त्यांना." पुढच्या आठवड्यात त्या घरीही मावशी बंद झाल्या.

"हात दाखवा" हे शब्द तोंडातून निघताना मला तुमचा आवाज ऐकू आला होता, वस्ताद. शेडचं गेट, सुटीची वेळ, सायकलींची रांग. ग्राहकाकडे जायच्या लॉटमध्ये पितळी बुश, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पोकळ नळ्या, कमी भरत होते आणि साहेब तुमच्यावर ओरडले होते. मी तुमच्या हाताखाली येऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही पंधरा-वीस माणसं पुढे जाऊ दिलीत आणि माझ्यापाशी थांबलात. "डबा उघड." सगळे वळून पाहतायत. मी डबा उघडतो. उरलेली अर्धी पोळी, भेंडीचे चार तुकडे. तुम्ही बोटाने पोळी उचलून खाली पाहता. "पिशवी झटक." मी पिशवी झटकतो. काही सापडत नाही. तुम्ही म्हणता, "जा," आणि मी सायकल हातात धरून चालतच जातो. त्यानंतरची कितीतरी वर्षं मी तुमचा राग धरला. माझ्या हाताला मापाची समज तुम्ही दिलीत, चाकणची नोकरी त्या हातामुळे मिळाली, तरी तुमच्या अंत्यविधीला मी मागे उभा राहिलो आणि लवकर निघालो. मनात एकच होतं, या माणसाने मला चारचौघांत चोर ठरवलं.

तुम्ही माफी मागितली नाहीत. पण त्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्यावर तुम्ही मला कोपऱ्यात बोलावलंत आणि पुसायच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलंत. पितळी ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का पाहायला दोरीला टांगतात तसला, तुम्ही स्वतः लेथवर काढलेला, टोक असं की बोटात रुतावं. "ठेव. कामाला यील," एवढंच बोललात. तो ओळंबा मी जपला. दर खंडेनवमीला पाटावर ठेवतो, हळदकुंकू वाहतो.

मावशी गेल्यावरही पाण्यात तांबं वाढतच गेलं. मिशीवाली गेली. तिचा फिकट पडलेला देह दगडाला चिकटलेला होता, मिशा अजून पाण्यात हलत होत्या. आणि कोठडीतली ती टक् करणारी? ती मात्र धडधाकट. इतकी खुशाल की तिने कात टाकली होती. मी तिच्या डब्यासमोर बसलो आणि मला पहिल्यांदा नीट विचार करायची बुद्धी झाली. मीठ तेच, फिल्टर तोच, घर तेच. मग हिला काय मिळत नाही, जे बाकीच्यांना रोज मिळतंय? तेव्हा तुमचं ते रोजचं सांगणं आठवलं. "पोरा, माप चुकलं तर आधी आपला हात बघायचा. मंग मशीन. माणसाकडं समद्यात शेवटी." मी खालचं कपाट उघडलं आणि रोजच्या गोड्या पाण्याच्या बादलीचं झाकण काढलं.

तळाला तुमचा ओळंबा होता. या खंडेनवमीला पूजा झाल्यावर पाट उचलताना मला वाटलं होतं, अठ्ठावीस वर्षं नुसतं बसवून ठेवलंय, तुम्ही तर म्हणायचात की हत्याराला काम पाहिजे. बादलीतली नळी सारखी वर तरंगायची आणि पंप हवा ओढायचा. मी ओळंबा नळीला बांधून आत सोडला. टाकीत धातू चालत नाही हे मला पाठ होतं, पण ही टाकी नव्हती, बादली होती, आणि ज्याला सकाळीच नमस्कार केला त्याच्यावर कोण संशय घेणार? पितळात तांबंच की जास्त. क्षार काढून घेतलेल्या त्या कोऱ्या, भुकेल्या पाण्याने ते थेंबाथेंबाने चाटून काढलं आणि मीच लावलेल्या पंपाने रोज इमानेइतबारे वर पोचवलं. ओळंब्याच्या अंगावर हिरवट साय आली होती. ज्यांचा जीव गेला त्यांचं वाईट वाटायच्या आधी मला आठवले ते मावशींचे पसरलेले हात.

रविवारी मी साडी विकत आणली. बायकोने पिशवीत पाहिलं आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "साडी नको. तोंड घेऊन जा." वस्ताद, ती असं बोलली नसती तर मीही चिंध्यांत काहीतरी गुंडाळून देऊन परत आलो असतो. जुन्या सांगवीत मावशींच्या दारात उभं राहून मी सगळं सांगितलं. बादली, ओळंबा, माझी चूक. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, मला माफ करा, हेही म्हणालो. त्यांनी विचारलं, "मिशीवाली?" मी मान हलवली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "खालच्या वहिनींना तुमीच सांगा. माज्यासमोर सांगा." त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्या दारात उभे राहिलो आणि मी सांगितलं. ते काम त्यांना परत मिळालं. मी विचारलं, आणि आमच्याकडे? कड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्यात न्हाई येणार, दादा. हात दाखवायला लावलेत तुमी." आता त्या रोज सकाळी लिफ्टने एक मजला अलीकडे उतरतात.

ओळंबा घासून पुसून पाटावर ठेवलाय. पाणी बदलून बदलून टेस्टचा रंग आता कोरा येतो, आणि त्या टक् करणाऱ्या निरपराध प्राण्याला मी टाकीत परत सोडलंय. हे सगळं रीडिंगच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. ही पानं कुठे जायची नाहीत, वहीबरोबर खालच्या कपाटात राहतील. पण मावशींसमोर तोंड उघडल्यापासून एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. मी इतक्या सहज सगळ्यांवर संशय का घेतो, हे मला माहीत आहे. तुम्ही ते शिकवलं नाहीत. लॉटमधले बाकीचे बुश कुणी नेले, देव जाणे. पण एक होता माझ्या हातचा, पहिल्यांदाच अगदी मापात बसलेला, तुम्ही गेज लावून काही न बोलता पुढे सरकवलेला. गावी आईला दाखवायचा होता. तुमच्याकडे मागितला असता तर तुम्ही दिला असता. पुढे आई तो देवापुढे ठेवून त्यात उदबत्ती लावायची, ती जाईपर्यंत.

तुम्ही डबा उघडायला लावलात, वस्ताद, पिशवी झटकायला लावलीत. बूट काढायला लावले नाहीत. बुश डाव्या मोज्यात होता.