एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम

४ मार्च २००१, डोंगरकडा
सकाळच्या एसटीनं उतरलो. हळदीच्या गोदामावर मापाडी म्हणून आजपासून रुजू. मालक संतराम अंथरुणाला खिळलेले, कारभार त्यांच्या पत्नी गोजरबाई पाहतात. वहिनी हसऱ्या, अंगण ताजं सारवलेलं, सगळीकडे हळद उकडल्याचा वास. खोली गोदामाला लागून, जेवण त्यांच्या चुलीवरचं. मन प्रसन्न झालं.
माझं शिक्षण सातवी, पण काटा मी स्वतः खोलून, जोडून शिकलो. आल्या आल्या इथल्या काट्यावर वीस किलोचं माप ठेवून पाहिलं. पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता. दुरुस्त केला. मग स्वतः उभा राहिलो : ६८.४००. वहिनी म्हणाल्या, हरिचंदभाऊ, असाच माणूस धुंडून राहिलो होतो आमी, आधीचे दोघं हलक्या हाताचे निघाले.

५ मार्च
संतरामरावांना चार महिने बारीक ताप, घास उतरत नाही. मी वहिनींना समजावून सांगितलं (शरीरशास्त्राचं पुस्तक माझं मी वाचलेलं आहे) की आजारात भूक मरते, शरीर आधी चरबी जाळतं, मग स्वतःचं मांस. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, आमच्यात आजारी माणसाच्या भारंभार, वजनाला वजन, ज्वारी काढतात, जिवाचं माप म्हणतात. तेवढं करून द्या.
संतरामरावांना उचलून काट्यावर बसवलं. ४१.२००. ज्वारी पन्नास ग्रॅम जास्त भरली, मी चिमटीनं काढत काढत बरोबरीला आणली. वहिनींनी दोनदा विचारलं, बराबर? म्हणालो, बराबर. पोतं मीच शिवलं. माझा तिहेरी टाका कुणाला जमत नाही.

१४ मार्च
भूक वाढली आहे. दुपारी नऊ भाकरी खाल्ल्या. वहिनी कौतुकानं वाढतात, खा भाऊ, लाजता काहून.
वजन ६३.९००. साडेचार किलो कमी? काट्यावर संशय आला. मापं ठेवून पाहिलं. काटा चोख.
संतरामराव आज उशीला टेकून बसले होते, म्हणून त्यांनाही तोललं. ४५.७००. साडेचार जास्त. योगायोग म्हणून लिहून ठेवतो.

२१ मार्च
हिंगोलीला जाऊन आलो. डॉक्टरांनी साखर, थायरॉईड, जंत, सगळं तपासलं. भूक वाढून माणूस वाळतो तो याच आजारांत, म्हणाले. रिपोर्ट सगळे साफ. टॉनिक दिलं. स्टँडसमोर पुरी-भाजी मागवली, पहिला घास मातीसारखा लागला, गिळवेना. परत येऊन इथली भाकरी मोडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.
मी ५७.१००. ते ५२.५००. बेरीज दोन्ही वेळा १०९.६००. एका ग्रॅमचाही फरक नाही.
वहिनी भाकरीत काही घालतात का? उद्या स्वयंपाकघर पाहतो.

२६ मार्च
पाहिलं. काही घालत नाहीत. पीठच त्या ज्वारीचं आहे. पोतं चुलीमागे, अर्धं रिकामं. तोंडाशी माझा टाका, अर्धा उसवलेला.
जाब विचारला. त्यांनी लपवलं नाही. परातीतला हात न थांबवता म्हणाल्या, ज्यानं मापलं त्यानंच ते संपवायचं असतं भाऊ. माप मात्र चोख लागतं. त्या दोघांनी ढिलं मापलं, लागूच पडलं न्हाई. तुमी चिमटीनं काढलं.
आतून संतरामरावांनी दुसऱ्यांदा भात मागितला. आवाज खणखणीत.

३० मार्च
आजपासून इथलं खाणार नाही. केळी आणली. बिस्किटं. सगळं उलटलं.
४८.३००.

२ एप्रिल
एसटीत बसलो होतो. कळमनुरीच्या अलीकडे भूक आवरेना — उतरलो. परत चालत आलो. वहिनींनी ताट वाढूनच ठेवलं होतं.
अकरा भाकरी.

७ एप्रिल
अंथरुणातच लिहितो. मनगटावर घड्याळ राहत नाही. संतरामराव काठी न घेता गोदामात फिरतात, मला हरिचंद, पोरा म्हणतात.
वहिनी उशाशी बसल्या. म्हणाल्या, पोतं संपत आलं. तुमी आमचं कुंकू राखलं, तुमाला उपाशी न्हाई मरू द्यायची मी. त्यांनी नवा मापाडी बोलावला आहे. साखरा गावचा जळबा. दोन लेकींचा बाप. उद्या माझं माप काढायचं.
मी नाही म्हणालो नाही. हे लिहून ठेवतो.

८ एप्रिल
जळबानं मला उचललं. म्हणाला, दादा, तुमी तर हळदीच्या अर्ध्या पोत्याएवढेबी न्हाईत. हसला. चांगला माणूस आहे —
दांडी थांबायच्या आत त्यानं वाचलं. ३८. मी पाहिलं, ती खाली बसली ३७.६०० वर. ज्वारी त्यानं ३८ घातली. चारशे ग्रॅम जास्त. ढिलं माप —
ढिलं लागू पडत नाही. म्हणजे तो वाचला. मी नाही.
पोतं अजून शिवलेलं नाही. जळबा सुई ओवतो आहे. वहिनी माझ्याकडे पाहताहेत. आयुष्यात चुकीचं माप डोळ्यांदेखत जाऊ दिलं नाही मी —
भाकरीचा वास —
जळबा विचारतो, दादा, बराबर हाय ना?
मी त्याला