आधी तिचं म्हणणं सांग

सर, आज रविवार. बंगळुरूत, के. आर. पुरमच्या घरी लॅपटॉपवर ऑनलाइन पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवून तास आत्ताच संपवलाय. मागच्या महिन्यापर्यंत पडद्यावर बेचाळीस काळे चौकोन असायचे, चेहरा एकाचाही नाही. मागच्या रुळावरून गाडी जाते, खिडकीची काच थरथरते, आणि उगाच वाटतं की खालच्या ओळीतल्या एका चौकोनात तुम्ही बसलाय, माईक बंद करून. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी मी पदर सावरून जरा ताठ बसते.

सीमेवरच्या आपल्या कॉलेजात तुमचा तास म्हणजे नुसता कलकलाट. दोघांत मतभेद झाल्याशिवाय तुम्ही खडूला हात लावत नव्हता. नियम एकच, दुसऱ्याला खोडायचं तर आधी त्याचं म्हणणं त्यालाच पटेल असं सांगायचं. एकदा पुढच्या बाकावरची मुलगी काहीतरी बोलली आणि मी ताडकन उठले, "साफ चूक आहे सर हे!" तुम्ही चष्मा पुसताय. "बरं. काय म्हणाली ती?" मला एक वाक्य सांगता येईना. "मग भांडतेयस कुणाशी, बाई? बस खाली." सायकल स्टँडमागे जाऊन मी ढसाढसा रडले आणि तुमच्या नावानं बोटं मोडली. फार राग आला होता तुमचा.

इथं ऑनलाइन वर्गात चर्चा म्हणजे मुलांना सक्तीचा गृहपाठ. दर आठवड्याला एक टिपण लिहायचं, दोघांना उत्तर द्यायचं. सगळे एकमेकांना "छान मुद्दा" म्हणून मोकळे होतात. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीचा फोन आला. चिकपेटेच्या बाजारात साड्यांच्या दुकानात काम करते, घराणं तीन पिढ्या इथलंच, बोलण्यात कन्नड मिसळतं.

"मॅडम, स्वल्प बोलायचं होतं. मी कोर्स सोडतेय."

"अगं, का?"

"चार आठवडे झाले, पान पान लिहितेय. कोणी काही विचारतच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतंय. मला येतंय का नाही, तेच कळेना. तुम्ही तरी वाचलं काय?"

मी म्हणाले, "तुझं लिखाण सिस्टीममध्ये अडकलं होतं गं. आजच दिसलं."

"हो काय? सरी, ठीक मग. एक आठवडा बघते."

फोन ठेवला आणि तिचं टिपण उघडलं. गिऱ्हाईक तीन दुकानं फिरतं, दुसरीकडे स्वस्त मिळत असूनही पहिल्याच दुकानात परत का येतं, यावर लिहिलं होतं. काय लिहिलं होतं पोरीनं! पुढच्या तासाला मी ते सगळ्यांसमोर ठेवलं आणि तुमचा नियम सांगितला. कोरमंगलात राहणारा, पुण्याहून नोकरीला आलेला एकजण लगेच म्हणाला, "ॲपवर स्वस्त दिसल्यावर परत कोण जाईल?" मी म्हटलं, "आधी तिचं म्हणणं सांग." त्यानं सांगितलं. "नाही, तसं नव्हे," ती म्हणाली. पुन्हा सांगितलं. "अर्धं बरोबर." तिसऱ्या खेपेला तो मध्येच अडखळला, "थांबा, म्हणजे विश्वासाचीही किंमत ती धरतेय?" "हां! हेच!" एकेक कॅमेरा उघडत गेला. कुणाच्या मागे कुकर, कुणाचा फिरणारा पंखा, तिच्या मागे साड्यांची चळत. ऐकता ऐकता मला कळेना, मी कुठल्या वर्गात आहे. बोटांना खडूची पूड लागल्यासारखी वाटत होती. मी खूप खूश होते, सर.

ती राहिली. आता सगळ्यांशी वाद घालते, हरली तर खळखळून हसते, आणि पुढच्या टिपणात आपलं मत बदलून लिहिते. काल तिचा निरोप आला, "मॅडम, तो सिस्टीमचा घोटाळा तुम्ही शोधला नसता तर मी गेले होते बघा." मी उत्तर लिहिलं, खोडलं, आणि नुसता हसरा चेहरा पाठवला.

काही अडकलं नव्हतं, सर. मी वरची आठ-दहा टिपणं वाचायची आणि बाकीची उद्यावर टाकायची. तिचं चार आठवड्यांत एकदाही उघडलं नव्हतं. आणि ती जायला निघाली, तेव्हाही मी स्वतःलाच वाचवलं. लाज वाटते.

हे पत्र कुठं जाणार नाही, ठाऊक आहे. तुम्ही आता उलटून काही विचारणार नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिलं. तिला खरं सांगितलं, तर ती विचारेल.