आपोआप उघडणाऱ्या खिडक्या

३ मार्च
चाललं! इथून एक हुकूम सोडला आणि पलीकडच्या खोलीतल्या सगळ्या मशीन्सवर ब्राउझरच्या खिडक्या आपोआप उघडल्या. नावं लिहिली गेली, बटणं दाबली गेली, खिडक्या गुपचूप मिटल्या. खोलीत चिटपाखरू नाही! आमची वेबसाइट माणसाशिवाय तपासणाऱ्या या सर्व्हरची ओळ न् ओळ मीच लिहिलीय, तरी आ वासून बघत राहिले.

भिंग आमची टेस्टर — तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून हे नाव. तिचं कौतुक एवढंच, की उद्याही चाललं तर सांग.

५ मार्च
जुन्या ब्राउझरवरही चाललं पाहिजे. असं जुनं खोड फक्त बाबांच्या घरी. मागच्या खेपेला गेले तेव्हाच त्यांचं मशीन सर्व्हरला जोडून आलेय.

बाबा जन्मभर टायपिस्ट. आई गेली आणि त्यांनी बोलणंच टाकलं. फोन उचलतात, "हं" म्हणतात, ठेवतात. मला फार भीती वाटते, ते असेच मिटत जातील. पण त्या दिवशी जोडणी तपासताना पडद्यावर आपोआप अक्षरं उमटताना पाहिली आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हात कुणाचा?"

"माझाच, बाबा. मी तिकडे गेले तरी इथे चालेल."

किती दिवसांनी दोन शब्द!

६ मार्च
बाबांचं मशीन फारच मंद. तिथे चाचणीला सांगितलं, नाव लिहून झालं की जरा थांब, मग पुढे जा.

७ मार्च
सगळीकडे पास, बाबांकडे नापास! चाचणी नावाच्या रकान्यात "चाचणी" लिहिते, थांबते, तेच परत वाचायला जाते — तर जुळत नाही. काय सापडलं ते सांगायला सर्व्हरला मी शिकवलंच नव्हतं. शहाणी मी!

भिंगला शंका, की सर्व्हर एका मशीनवरचा मजकूर दुसऱ्यात मिसळतोय. खरं असेल तर सगळ्यावर पाणी.

१० मार्च
सर्व्हर उलटापालटा केला. चूक सापडेना. आणि गंमत म्हणजे कोड वाचता वाचता पुन्हा थक्क झाले — इथला एक शब्द कुठून कुठून जातो आणि बाबांच्या पुढच्या खोलीत उमटतो!

दादाचा फोन. तो बाबांच्या शेजारच्याच गल्लीत राहतो. म्हणाला, बाबा सकाळपासून त्या मशीनसमोर बसून असतात, जेवणाचं ताटही तिथेच. भिंगही म्हणतेय, ते मशीन काढून टाक. ठीक. उद्या काढते.

जाता जाता सर्व्हरला एक सांगून ठेवलं — नापास झालं की त्या क्षणी पडद्याचा फोटो घे. नाहीतर जिवाला चुटपुट लागून राहायची.

११ मार्च
फोटो आला. नावाच्या रकान्यात — "चाचणी. जेवलीस का?"

मशीन काढलं नाही. चाचणीतला शब्द बदलला — "जेवले, बाबा. तुम्ही?" थांबायचा वेळ वाढवला — त्यांच्या बोटांना घाई नको.

पुन्हा नापास!