बकरी राहिली

सर, माझं रशियन आता गंजलं आहे, म्हणून मराठीत लिहिते. तुम्हाला मराठी येत नव्हतं, पण तुम्हाला जाऊनही तीसेक वर्षं होऊन गेली, तेव्हा भाषेची अडचण येऊ नये. मी सध्या सिंगापूरला असते, बुकित तिमाहला, लेकीच्या कॉन्डोत. सकाळची वेळ आहे, स्वयंपाकघरात बसले आहे, कुकरच्या शिट्ट्या चालल्या आहेत. काल मी तुमचा सिनेमा पाहिला.

इथल्या विद्यापीठात पुण्याची एक मुलगी संशोधन करते आणि फिल्म क्लबही चालवते. मी तरुणपणी मॉस्कोत तुमच्या हाताखाली संकलन शिकले, हे माझ्या लेकीने तिला सांगितलं आणि ती मागेच लागली. मावशी, जुन्या सिनेमाची नवी प्रिंट आली आहे, नंतर दोन शब्द तुम्ही बोलाच. पंधरा वर्षांच्या नातीला सोबत घेऊन गेले. सुरुवातीला त्या मुलीने तुमची ओळख करून दिली. पहिल्या सिनेमाला पदक, दुसरा कित्येक वर्षं कपाटात बंद, मग मास्तरकी, आणि तिसरा हा, शेवटचा. हा सिनेमा कशामुळे टिकला, तर बकरीमुळे, असं ती म्हणाली. सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून तुम्ही बकरी ठेवलीत म्हणे.

मग ती बकरी आली. कारखान्याची सभा, मंचावर साहेबांचं भाषण, आणि बकरी शांतपणे वर चढून मागचा लाल फलक खाते आहे. हॉल खदाखदा हसला. मला मात्र मॉस्कोतल्या सेन्सॉर समितीचं ते छोटं थिएटर दिसत होतं. तुम्ही ओव्हरकोट न काढता तिसऱ्या रांगेत बसला आहात, मी मागे वही घेऊन. दिवे लागतात. सगळे बकरीवर तुटून पडतात. तुम्ही उठता, भांडता, गयावया करता, तुमचा आवाज फुटतो. मला तुमची इतकी दया येते की बसवत नाही. तेवढ्यात अध्यक्ष वळून विचारतात, आमच्या भारतीय पाहुणीचं काय मत? आणि वर्गातला पहिला नंबर कधी न सोडलेली मी उभी राहते. आमच्याकडे बकरी शाळेत शिरते, ग्रामपंचायतीत शिरते, कष्टकरी माणूस तिला हसून हाकलतो, साहेब आणि शेळी एका मंचावर येणं जनतेच्याच राज्यात शक्य आहे, असं काय काय मी बोलत सुटते. अध्यक्ष खूश झाले. पाहुणीचा मान राखू, बकरी राहू दे, म्हणाले. शाबासकी मिळेल म्हणून मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुमचा चेहरा पांढराफटक. अध्यक्षांनी कागद उलटला आणि विचारलं, मग काढायचं काय? ही बाई रांगेत कशासाठी उभी आहे?

दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तुम्ही मला समजावलंत. बकरी त्यांच्यासाठीच घातली होती. समितीला काहीतरी कापायला लागतंच, तर तिने बकरी कापावी आणि जिंकल्याच्या आनंदात रांगेकडे काणाडोळा करावा. तुमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली युक्ती, आणि मला ती कळली नव्हती. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "तू चांगलं बोलतेस. आता चांगलं काप." ती चार मिनिटं तुम्ही माझ्याच हातांनी कापून घेतलीत. त्यानंतर तुम्हाला सिनेमा मिळाला नाही.

रांगेतली बाई म्हणजे तुमची आई होती, हेही त्याच दिवशी सांगितलंत. वडील तुरुंगात होते. तुरुंगाच्या खिडकीसमोर ती रांग लागायची, पुडकं आत घेतलं की माणूस जिवंत आहे असं समजायचं. एक दिवस पुडकं परत आलं. सिनेमात तो परत ढकलणारा हात होता, आणि मग बाई बाकावर बसून पुडक्याची सुटलेली दोरी पुन्हा आपल्या पद्धतीने बांधत होती, घरी मुलाला गाठ बदललेली दिसू नये म्हणून. त्यापुढचं अजून शाबूत आहे. ती घरी येते, पुडकं टेबलावर ठेवते आणि मुलाला सांगते, आज खिडकी बंद होती. काल सगळ्या हॉलने तिच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? रांग नसेल तर खिडकी बंदच होती.

मी माइक घेऊन उभी राहिले आणि आभार मानण्यातच वेळ काढला. कॅमेरामन गेला, संकलनाच्या टेबलावरच्या बाई गेल्या, ती चार मिनिटं पाहिलेली मी एकटी उरले आहे. तेव्हा नातीनेच हात वर केला. "आजी, वॉज द विंडो रिअली क्लोज्ड?"

मी सांगितलं. एकेक शॉट सांगितला, हात, दोरी, गाठ, मागच्या बाईचं पुढे सरका म्हणणं. पुण्याच्या मुलीने डोळे पुसत विचारलं, हे कापलं का? मी म्हणाले, समितीने कापलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, समित्या अशाच असतात हे सगळ्यांना माहीत असतं. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या, सर. शरम वाटली, तरी घेतल्या.

नंतर हॉकर सेंटरला नूडल्स खाताना नात एकदम थांबली. "बट आजी, दे कट द मदर अँड कीप द गोट? गोट इज सो मच वर्स, लाह. समबडी मस्ट हॅव सेड समथिंग." मी म्हटलं, खा, गार होतंय. शनिवारी पुण्याची मुलगी रेकॉर्डर घेऊन घरी येणार आहे. मी सांगेन ते ती लिहील, आणि मग तेच खरं ठरेल. नात म्हणाली, मीपण बसते.

माझं रशियन गंजलेलं नाही. काल हॉलमध्ये एक रशियन बाई भेटल्या, त्यांच्याशी अर्धा तास बोलले, एकदाही अडले नाही. तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहिलं.