डोहातून वर येताना

अण्णा, मागच्या महिन्यात मी तुमच्या डोहात उतरले. तुम्हाला हे सांगायला हवं असं तेव्हापासून वाटतंय, पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. शेवटी आज लिहायला बसले. दुपार आहे, आई आतल्या खोलीत झोपलीय, आणि खाली व्हाइटफील्डचा रस्ता नेहमीसारखा तुंबलाय.

आठवडाभर यशवंतपूरच्या कारखान्यात लेथपुढे उभं राहायचं आणि रविवारी पहिली बस धरून कावेरीकाठी जायचं, असं तुमचं आयुष्य. हौसेनं गळ टाकणाऱ्या लोकांचा तो क्लब. धरलेला महसीर मासा ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडायचा, हा तुमचा पहिला नियम. पण गळ टाकण्यापेक्षा नदी राखण्यातच तुम्हा लोकांचा जास्त वेळ जायचा. ओढ्याच्या तोंडाशी अडकलेला कचरा उपसायचा, विणीच्या दिवसांत वाळू काढणाऱ्यांशी हुज्जत घालायची, उन्हाळ्यात पाणी आटलं की डोहावर पहारा ठेवायचा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही आमचं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचात. रागीचं पीठ शिजवून, मळून, गळाला लावायचे घट्ट गोळे करायचात आणि आई दारात उभी राहून म्हणायची, "माणसांना रागी, माशांनाही रागी. या घरात तांदूळ कुणासाठी आणायचा?" तुम्ही हसायचात आणि एक गोळा मला खायला द्यायचात. त्याला मीठ नसायचं.

मी नववीत होते त्या उन्हाळ्यात तुम्ही मला बरोबर नेलंत. नदी बारीक झाली होती, खडक उघडे पडले होते आणि सगळे मासे एका डोहात दाटले होते. क्लबातले बाकीचे खालच्या वळणावर गेलेले. आपण दोघंच होतो. तीन माणसं झुडपांतून आली. एकाच्या हातात जिलेटिनची कांडी होती, दगडाच्या खाणीत वापरतात तसली. तुम्ही त्यांना कन्नडमध्ये समजावलंत, मग आवाज चढवलात, मग हात जोडलेत. तो माणूस ओठातल्या पेटत्या बिडीकडे कांडीची वात न्यायला लागला. तेव्हा तुम्ही चपला काढल्यात आणि पाण्यात शिरलात. छातीइतक्या पाण्यात जाऊन वळलात आणि म्हणालात, "टाक बाबा, आता टाक."

मी काठावर होते, अण्णा. पळावं की ओरडावं हे मला कळत नव्हतं. तुमच्या पांढऱ्या शर्टात पाणी शिरून तो फुगला होता, एवढंच मी पाहत होते. ती माणसं किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. शेवटी त्यातला एक थुंकला, दुसऱ्यानं कांडी पिशवीत घातली आणि तिघं आले तसे निघून गेले. तुम्ही बाहेर आलात. मी रडत होते, तर मलाच ओरडलात, "रडायचं काय त्यात? मला पोहायला येतं की!"

बसमध्ये म्हणालात, "आईला नको सांगू." मी नाही सांगितलं. पण क्लबातल्या कुणीतरी कौतुकानं घरी येऊन सांगितलंच. त्या शनिवारी आईनं शिजत्या रागीचं पातेलं उचलून मोरीत ओतलं. मोठ्यानं बोलली नाही ती. "पोरगी काठावर होती," एवढंच म्हणाली. तुम्ही मोरीकडे बघत राहिलात. त्यानंतर कितीतरी रविवार तुम्ही घरी बसून काढलेत, खुर्ची खिडकीपाशी ओढून. मग एका शनिवारी मी शाळेतून आले तर आई स्वतःच रागी ढवळत होती. तुम्हा दोघांत काय बोलणं झालं, कधी कळलं नाही.

मी मात्र तुम्हाला सोडलं नाही. पुढे मी क्लबात आले, तुमच्याकडून गळ टाकायला शिकले, तुम्ही गेल्यावर तुमच्या जागी पहाऱ्यालाही जायला लागले. लोक तुमची ती गोष्ट सांगायचे तेव्हा मीही मान डोलवायचे. पण आत एक प्रश्न ठसठसत राहायचा. माशांसाठी उतरलात ते ठीक. मी तिथं आहे हे तुम्हाला आठवलं तरी होतं का?

यंदाही नदी तशीच आटली. त्या रविवारी पहाऱ्याला मी आणि क्लबातले मास्तर होतो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी थकलेले, पण पहारा चुकवत नाहीत. पाण्यात वाकून पाहिलं तर मोठे महसीर एकमेकांना घासून फिरत होते, सोनेरी पाठी उन्हात चमकत होत्या. दोन मोटरसायकली आल्या, त्यांवरून तिघं पोरं उतरली. माझ्या ऑफिसात नव्यानं लागतात त्या वयाची. एकाच्या खांद्याला कॉलेजची बॅग होती, तिच्यातून त्यानं कांडी काढली.

मास्तर त्यांना म्हणाले, "हे बघा, मी पोलिसांना फोन लावतोय." पोरगा म्हणाला, "लावा की, इथं रेंज आहे कुठे?" आणि ते खरंच होतं. मी पुढे झाले, समजावलं, गावातल्या मोठ्या माणसांची नावं घेतली. त्यानं लायटर काढला. मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. बूट भिजले हे कळलं, तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं.

"अक्का, मेले बन्नी!" तो ओरडला. कन्नडमध्ये त्याचा अर्थ वर या. जन्म गेला माझा या कन्नड मुलखात, पण त्या क्षणी कानाला फक्त आपलं मराठी 'मेले' ऐकू आलं. मी वळून उभी राहिले. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. अण्णा, डोहातून काठ दिसतच नाही. झाडं नाहीत, माणसं नाहीत, नुसता पांढरा उजेड आणि त्यात तो एक हात. मास्तर कुठे उभे आहेत ते मला दिसेना. ते हाका मारत होते, "वर ये गं, वर ये, पाया पडतो तुझ्या." मग वात पेटल्याचा बारीक आवाज आला.

मी वर आले.

धडपडत, हातांनी खडक धरत आले. मास्तरांनी मला ओढून दगडामागे पाडलं, आणि मग तो दणका. पाणी उडून आमच्या अंगावर पडलं. थोड्या वेळानं मासे वर यायला लागले, पांढरी पोटं वर करून, लहानमोठे सगळे. पोरांनी मोठे तेवढे गोणीत भरले आणि बाकीचे तसेच टाकून निघून गेले.

मास्तरांनी गाड्यांचे नंबर टिपून ठेवले होते. तक्रार झाली, दोघं पकडले गेले, कांडी कुठल्या खाणीतून आली त्याची चौकशी चालू आहे. क्लबाच्या बैठकीत कुणी म्हणालं की आता हे सगळं बंद करू. मी म्हटलं, बंद नको, पण यापुढे कुणीही पाण्यात उतरायचं नाही. आणि नुसत्या दोघांनी पहाऱ्यालाही जायचं नाही. आम्ही काठावरच्या गावात जाऊन बसलो, तिथल्या बायकांशी बोललो. कपडे धुवायला आलेल्या पोरी त्या दणक्याच्या थोडंच आधी डोहावरून गेल्या होत्या, हे तिथं कळलं. आता रविवारी गावातली माणसं आमच्याबरोबर बसतात. वरच्या ओढ्यात महसीरची पिल्लं अजून आहेत, मी पाहिलीत. पाऊस झाला की ती खाली उतरतील.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आईनं ओली सलवार पाहिली. मी तिला सगळं सांगितलं. "वर आलीस ना? बरं केलंस," ती म्हणाली. मग विचारलं, "आणि मासे?" मी मान हलवली. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, "तुझे अण्णा तेव्हा असे वर आले असते, तर परत कधी नदीवर गेलेच नसते. मला माहीत होतं. म्हणून मी पुन्हा रागी शिजवली."

मी काठावर होते हे तुम्हाला आठवलं होतं का, हा प्रश्न आता मी विचारणार नाही. तिथून काही दिसत नाही, एवढं मला कळलंय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही, मास्तरांनाही नाही. मासे एकेक करून उलटे होऊन वर येत होते, आणि मी दगडामागे पडल्या पडल्या श्वास घेत होते, जिवंत होते, तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं, अण्णा. मला आनंद झाला होता.