चहाही मोजायचा

प्रिय मंगला,

आपली मोनाली आणि तिचं बाळ तिकडे मजेत असतील. इकडे तुझा कढीपत्ता जिवंत आहे. मीही आहे, पण माझं जरा सविस्तर सांगावं लागेल.

जांघेत एक गाठ होती, तुला बोललो नव्हतो. आडवं झालं की आत जाते, खोकलं की बाहेर येते. शाळा तपासणीच्या साहेबांसारखी नको तेव्हा हजर. चार महिने मी तिला वात म्हणत होतो, डॉक्टर हर्निया म्हणाले. औषधाने जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं.

सोमवार ठरला. सकाळी तोंडात काही घालायचं नाही, असं बजावलं होतं. निघताना समोरच्या पंडितभाऊंनी अडवलं. मोठ्या कामाला निघालेल्याला बिनचहाचं जाऊ देणं आपल्या गल्लीत पाप, तू जाणतेसच. अर्धा कप घेतला. जुन्या संस्कृत ग्रंथांत चहा नाही, तेव्हा तो आहारात धरायला शास्त्राधार नाही, अशी मनाची समजूत घातली.

भूल देणारी डॉक्टर रश्मी, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने विचारल्यावर खोटं बोलवेना. ती म्हणाली, सर, त्यात दूध असतं. भुलीत पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर जिवावर बेततं. ऑपरेशन रद्द. वर शिक्षा म्हणून मला बाहेरच्या बाकावर इतरांना हेच समजावायला बसवलं. दापोऱ्याच्या सोजरबाई पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला आल्या होत्या. म्हणाल्या, “मास्तर, चहा काय खानं हाय का?” मी म्हटलं, बाई, त्याच अर्ध्या कपापायी मी घरी चाललोय. त्यांनी पदराखालून बिस्किटाचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या लवकर कुणी शिकलं नव्हतं.

आता अठरा तारीख दिलीय. त्याआधी गाठ कडक झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही, तडक यायचं, असं रश्मी दोनदा म्हणाली.

अर्जावर ‘सोबत राहणारी व्यक्ती’ असा रकाना आहे. सोमवारी मी तिथे पंडितभाऊंचं नाव घातलं होतं. रश्मीने ते खोडलं आणि विचारलं, काकूंना कळवलंत का? मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी सर्दी म्हणालो. पुन्हा फोन केला तर पुन्हा सर्दीच होईल, म्हणून हे पत्र. बाळाला सोडून ये म्हणायला जीभ रेटत नाही. पण रकाना कोरा ठेवलाय, आणि मला भीती वाटते, मंगला. सतराला ये.

तुझाच,
दिगंबर